सुगंधाच्या झडपा शाबूत आहेत

मी खोटं बोलतो हे आमच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तारकर्लीला उतरणाऱ्या पाहुण्यांना मी सांगून ठेवलंय की माझ्या आज्याने दाढदुखीने बेजार झालेल्या एका मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, जबड्यात लवंग ठेवली होती, आणि त्या उपकाराला स्मरून ती मुशी सात वर्षं आमची होडी दोरीने ओढत होती. ह्यात कुणाचं काय गेलं? पाहुणे हसतात, चार फोटो काढतात, मुशीची अब्रू वाढते. माझ्या खोट्याने आजवर कुणाच्या घशात घास अडकलेला नाही.

पण माझ्या बहिणीची नणंद राधाबाय ह्या चैत्रात जे खोटं बोलली, ते तसलं नव्हतं. ते ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. उतरावी अशी माझी इच्छाही नाही. ती ताजी आहे तोवर लिहून ठेवतो.

मी भिकाजी. धंद्याने सुतार. वय चौऱ्याहत्तर, पण करवत अजून माझं ऐकते. माझ्या पाठची सुगंधा, सदुसष्टची, खाडीपलीकडे दाजींच्या घरात दिलेली. पंचेचाळीस वर्षं झाली. दाजी म्हणजे तिचा नवरा, खारबांधावरच्या बारा शेतकऱ्यांचा पुढारी. माणूस वाईट नाही. पण एकदा त्याने मनाशी काही ठरवलं की ते बदलायला पहार लागते. राधाबाय त्याची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून त्या घरातला शेवटचा शब्द तिचा.

आठ वर्षांपूर्वी सुगंधा मला पहिल्यांदा म्हणाली, "दादा, माज्या छातयेत बेडूक उडता."

मी हसलो. हे मी कबूल करतो. बेडूक म्हटल्यावर मला लगेच एक गोष्ट सुचली आणि मी ती तिला सांगत बसलो. राधाबायने तिला ओवा आणि गरम पाणी दिलं. त्यानंतर आठ वर्षं बेडूक उडत राहिला आणि ओवा पोटात जात राहिला. कधी दिवसातून एकदा, कधी दहादा. ठोका मध्येच चुकायचा, मग पाच-सहा एकदम धावत यायचे. मागच्या वर्षापासून ती विहिरीवरून घागर घेऊन येताना तीनदा थांबायला लागली. मग पाय सुजले. पायातली जोडवी साबण लावूनही निघेनात. मग आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून झोपायची. राधाबाय म्हणाली, वायू. दाजी म्हणाला, वय.

शेवटी सुगंधाची मुलगी भक्ती, जी कुडाळला बँकेत आहे, तिने रजा काढली आणि आईला उचलून डॉक्टरकडे नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण आईला एकटीला घाबरायला होतं आणि मी शेजारी असलो की ती निदान मला दटावत तरी बसते.

डॉक्टर सारिका वयाने माझ्या नातीएवढी. तिने सुगंधाला कुशीवर निजवलं, छातीवर जेल लावलं, यंत्राची दांडी फिरवली आणि समोरच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या धुक्यात काहीतरी हलायला लागलं. मी बघत होतो. आणि बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. कारण पडद्यावर जे उघडमीट करत होतं, ते दार मी ओळखत होतो.

आमच्या बांधाला खाडीच्या तोंडाशी दोन झडपांचं दार आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मीच केलेलं, ऐनाच्या लाकडाचं. शेतातलं पावसाचं पाणी खाडीकडे जायला निघालं की त्याच्या रेट्याने झडपा उघडतात. भरती आली, खाडीचं पाणी उलटून आलं, की त्याच रेट्याने दोन्ही झडपा एकमेकींना येऊन टेकतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. कुणी उघडायला नको, कुणी मिटायला नको. आमचं भात त्या दोन फळ्यांवर पिकतं. आणि सुगंधाच्या काळजात नेमकं तेच दार होतं, लहानसं, ओलं, मिनिटाला शंभरदा हलणारं.

"बाई," मी डॉक्टरला विचारलं, "ह्या झडपा कुठल्या लाकडाच्या?"

भक्तीने मला कोपराने ढोसलं. पण डॉक्टरीण हुशार. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "उत्तम लाकडाच्या आहेत, आजोबा. पातळ, लवचीक. कुठे जाड झालेल्या नाहीत, फाटलेल्या नाहीत. झडपांना काहीही झालेलं नाही."

तिने एक कळ दाबली आणि त्या धुक्यात रंग उमटले. मी विचारलं, "मग हे निळं-पिवळं मागे काय उसळतंय?"

"ते रक्त उलटं जातंय. गळती आहे. नीट बघा. हा वरचा डावा कप्पा. फुप्फुसाकडून आलेलं रक्त आधी ह्यात साठतं, मग झडपांतून खाली जातं. ह्या कप्प्याने ठोक्याठोक्याला आकसायला हवं. ह्यांचा आकसत नाही, नुसता थरथरतो. बरीच वर्षं थरथरत असणार. त्यात रक्तदाब, त्यालाही आजवर औषध घेतलेलं नाही. कप्पा ताणत ताणत एवढा मोठा झालाय." तिने बोटाने गोल काढला. "आता, झडपा ज्या कड्यात बसवलेल्या असतात, ते कडं ह्या कप्प्याच्या तळाशी. कप्पा रुंदावला की कडंही रुंदावतं. झडपा आहेत तेवढ्याच राहतात. मग त्या मध्यभागी एकमेकींपर्यंत पोचत नाहीत."

"चौकट फाकली," मी म्हटलं.

"अगदी बरोबर."

"आणि मागे गेलेलं पाणी त्या कप्प्याला आणखी फुगवतं."

"आणि कप्पा फुगला की चौकट आणखी फाकते. तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं, आजोबा."

"मी होतोच, माशांचा," मी म्हणालो. पण मला हसू येत नव्हतं. मी तिला स्पष्ट विचारलं, "हे जन्मजात आहे का?"

"नाही. मुळीच नाही. झडपा जन्मल्या तशाच चांगल्या आहेत. हे मागून झालंय, हळूहळू. म्हणूनच काहीतरी करता येण्यासारखं आहे." तिने गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाली की थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी सुटली तर मेंदूत जाते; पंधरा दिवसांच्या आत कोल्हापूरला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, टाळाटाळ नको.

घरी पोचलो तर राधाबाय पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत होती. तिने भक्तीच्या हातातली फाईल घेतली, उलटी धरली, सुलटी केली.

"काय गो, काय म्हणता ती डॉक्टरीण?"

"आत्ये, व्हॉल्व्ह लीक आसा. म्हणजे असा बघ..."

पुढचं राधाबायने तिला बोलूच दिलं नाही. "लीक? म्हणजे भोक. बग दाजी, मी तुका सांगी होतंय. भोकाचा काळीज घेवन इली ती म्हायरसून. तेंनी आमच्या गळ्यात बांधल्यानी आणि गप ऱ्हवले. पंचेचाळीस वर्सांनी उघड्यार इला."

दाजी झोपाळ्यावर होता. त्याने झोपाळा थांबवला. विचार केला. आणि त्याने जे काढलं ते राधाबायच्या बोलण्यापेक्षा भयंकर होतं, कारण त्यात राग नव्हता, शहाणपण होतं.

"जन्माचा आसा तर आता तेका काय करूचा? सदुसष्ट वर्सां चल्ला ना? तसाच चलतला. कित्याक उगाच उकरूचा. कोल्हापूर नको नि काय नको."

मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, म्हणजे मला जितपत शांत राहता येतं तितपत. झडपा चांगल्या, चौकट फाकलेली, मागचा कप्पा मोठा. दाजीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भिकाजी, मुशीची दाढ बरी करणाऱ्याचो तू नातू. तुज्या तोंडातला खरा खंयचा नि खोटा खंयचा, ता माका ह्या वयात सोदूक सांगू नको."

"मी नाय, डॉक्टरीण म्हणता. भक्तीन ऐकला."

"भक्ती तुजीच भाची."

भक्ती लाल झाली. बापासमोर तिची जीभ उचलत नाही. बँकेत म्हणे मोठमोठ्यांना ऐकवते.

इतक्यात सुगंधा आतून आली. एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हातात माझ्यासाठी कोकम सरबत. पेला खाली ठेवला, श्वास मिळेपर्यंत थांबली आणि दाजींसमोर हात जोडले.

"माका म्हायत नव्हता ओ. आवशीबापाशीन कधी सांगूक नाय. माका क्षमा करा."

क्षमा. माझ्या बहिणीने. कशाची, तर आठ वर्षं तिला ओवा चारला त्याची. ज्या घरात पंचेचाळीस वर्षं चार वाजता उठून तिने चूल पेटवली, त्या घरापुढे तिने आमच्या मेलेल्या आईबापांच्या वतीने गुन्हा कबूल केला. माझा बाप लाकूड घेताना फळीला कान लावून बोटाने वाजवायचा, एक पोकळ आवाज आला तर अख्खा ओंडका परत पाठवायचा. तो माणूस फुटकं काळीज रंगवून मुलगी देईल?

मी सरबत न पिता उठलो. जन्मात मी सरबत न पिता दोनदाच उठलोय. पहिल्यांदा घराला आग लागली होती, आणि तेव्हाही अर्धं प्यालो होतो.

त्यानंतर रोज फोन. रोज तेच उत्तर. "नको दादा. ह्यांचो शब्द नाय तवसर मी उंबऱ्याभायर पाय घालूचंय नाय." भक्तीने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. गाडी दारात आणून उभी केली, ती रिकामी परत नेली. पंधरा दिवसांतले नऊ गेले. गोळ्या चालू होत्या म्हणून पाय थोडे उतरले, आणि पाय उतरले म्हणून राधाबाय म्हणाली, बघा, काही नव्हतंच.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चैत्र अमावास्येला, वर्षातल्या मोठ्या उधाणाच्या भरतीला, आमच्या बांधावर राखणदाराला, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाला, नारळ देतात. बाराही घरं जमतात. दार कुणी केलं असेल त्या सुताराने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे बांधाची सगळी हकीकत राखणदाराच्या कानावर घालायची आणि मागणं मागायचं. प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. शेवटी पुढाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणून नारळ फोडला की जे बोललं गेलं ते बाराही घरांना बांधील. सहा वर्षांपूर्वी एकाने गाऱ्हाण्यात दारू सोडली; आज तो काजूच्या बोंडाचा वासही घेत नाही. आणि नियम असा, की गाऱ्हाण्यात सुताराने खोटं बोलायचं नाही. बोलला तर बांध फुटतो. एकोणीस वर्षं मी तिथे गाऱ्हाणं घालतोय आणि एकोणीस वर्षांत बांध फुटलेला नाही. ह्या एका ठिकाणी मी काय बोलतो ते सगळ्यांना खरं मानावं लागतं. मलाही.

अमावास्येला सकाळी दहाला जमलो. पाणी चढत होतं. दाराजवळच्या वाफ्यांत मिठाचा पांढरा थर आलेला, दोन वर्षांपासून खारं पाणी झिरपत होतं. दाजी मला बघितल्याबरोबर म्हणाला, "भिकाजी, तुज्यो झडपो कुसल्यो."

सुगंधा नव्हती, तिला इतकं चालवत नव्हतं. पण राधाबाय नैवेद्याचं ताट घेऊन बायकांत उभी होती. तिथून तिचा आवाज आला, "तेंच्या घरातला काय एक धड आसा?"

मी धोतर खोचलं आणि दारात उतरलो. दाजींना म्हटलं, "तुमीय येवा."

"मी कित्याक?"

"पुढारी तुमी. बगूक नको?"

बाकीच्या अकराजणांसमोर त्याला उतरावं लागलं. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघे म्हातारे उभे राहिलो. मी कमरेची सुरी काढून त्याच्या हातात दिली. "खुपसा झडपेत." त्याने खुपसली. सुरी गेली नाही, ऐन दगडासारखा. दुसऱ्या झडपेतही गेली नाही. तोवर भरतीचा रेटा आला, दोन्ही झडपा मिटायला निघाल्या, आणि मध्यावर येऊन थांबल्या. एकमेकींपासून दोन बोटं लांब. त्या फटीतून खाडी आत उसळत होती.

"बोटा घाला," मी म्हटलं.

दाजीने दोन बोटं घातली. गेली.

"झडपो तेवड्योच आसत. मी एकोणीस वर्सांपूर्वी मोजून केलेल्यो. मगे ही फट खयसून इली?"

त्याने वर पाहिलं. दाराचे दोन्ही खांब बाहेरच्या बाजूला कलले होते, दारुड्यासारखे. का कलले ते सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी दाजीने जेसीबी आणून दारामागची तळी दुप्पट रुंद केली होती, पाहुण्यांना ताजे मासे देता यावेत म्हणून. खांबांना दाबून धरणारी माती गेली. तळीतल्या पाण्याने कडा खाल्ल्या, खांब सुटले. फट पडली, फटीतून आणखी पाणी आलं, त्याने तळी आणखी फुगली.

दाजी त्या फटीकडे बघत राहिला. बोटं काढायला विसरला. मग वर चढला आणि नारळ हातात घेतला.

मी राखणदाराच्या दगडासमोर उभा राहिलो.

"बा म्हाराजा, बांधाच्या राखणदारा, आज चैताच्या अवसेक तुजी बारा घरा तुज्यासमोर उबी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या दाराच्यो दोन झडपो. एकोणीस वर्सांत कुसल्यो नाय, फुटल्यो नाय, वाकड्यो झाल्यो नाय."

"व्हय म्हाराजा."

"तरी पाणी आत येता. तो झडपांचो दोष नाय. मागची तळी रुंद झाली, तिणा चौकट फाकयल्यान, म्हणान झडप झडपेक भेटणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तळी कोणी रुंद केली ता तुका म्हायत, आमका म्हायत, आणि ज्याणा केल्यान तेकाय म्हायत."

अकरा आवाज जोरात आले. बाराव्याने घसा साफ केला.

"तसाच म्हाराजा, ह्या बारा घरांतल्या एका घरात एक बायलमाणूस आसा. तिच्या काळजाकय अश्योच दोन झडपो. बापाशीन दिलेल्यो, बऱ्यो, शाबूत."

"व्हय म्हाराजा." सवय ही अशी चीज आहे की शब्द आधी जातो आणि विचार मागून धापा टाकत येतो. दाजीच्या तोंडूनही निघून गेलं होतं. मग त्याने मान वर केली. पण गाऱ्हाणं चालू होतं.

"आठ वर्सां तिच्या छातयेत बेडूक उडी होतो. तिका ओवो दिलो. डॉक्टर दाखवलो नाय. हसणाऱ्यांत मीय होतंय म्हाराजा, ता तुज्यासमोर कबूल करतंय."

ह्या वेळी 'व्हय म्हाराजा' बायकांच्या बाजूने आला. आमच्या बांधावर आजवर तो तिकडून कधी आलेला नाही.

"बेडूक उडान उडान काळजाची वरची खोली फुगली. खोली फुगली म्हणान चौकट फाकली. चौकट फाकली म्हणान रगात उलट्या वाटेन जाता. ह्यात तिच्या म्हायराचो दोष नाय, तिचो दोष नाय, तिणा कोणाची क्षमा मागूची गरज नव्हती."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, येत्या सोमवारी तिचो घोव स्वता तिका गाडयेत बसवन, फोंडाघाट चढान, कोल्हापुराक नेतलो आणि डॉक्टर सांगतीत तसा करतलो. ह्या वाटेत कोण आडो इलो तर तेका बाजूक कर, आणि ती वाट मोकळी कर."

आता शेवटचा 'व्हय म्हाराजा' पुढाऱ्याचा. पाणी फटीतून आत जात होतं. अकरा तोंडं दाजीकडे वळलेली. दाजीच्या हातात नारळ.

"भिकाजी," तो म्हणाला, "ह्या गाऱ्हाण्यात घालूचा होता?"

"घरात बोललंय ता तुमका खोटा वाटला. म्हणान हडे बोललंय."

राधाबाय ताट घेऊन पुढे आली. "दाजी, नारळ फोडू नको. ह्यो लबाड देवाकय फसवता."

तोवर दाजीच्या शेजारच्या शेताचा सुशांत बोलला, जो एरवी पाऊस पडतोय एवढंही न विचारता सांगत नाही. "राधाबाय, मगे बांध फुटूक होयो होतो. उबो आसा तो."

दाजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटांना अजून चिखल होता.

"राधाबाय," तो सावकाश म्हणाला, "माजी दोन बोटा गेली त्या फटीत. सुरी जावक नाय, बोटा गेली."

आणि मग 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याने नारळ फोडला. आवाज बारीक होता, पण राखणदाराचा कान चांगला आहे.

सोमवारी तो गेला. फोंडाघाटाला चहासाठी गाडी थांबली तेव्हा, भक्ती सांगते, त्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी चहा हातात आणून दिला आणि अर्धा वाटेत सांडला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुन्हा सगळं बघितलं आणि कुडाळच्या त्या डॉक्टर पोरीने सांगितलं तेच शब्दाशब्दाने सांगितलं. रक्त पातळ ठेवायची गोळी, रक्तदाबाची गोळी, अंगातलं पाणी उतरवायची गोळी. काही आठवड्यांनी तिला गुंगी देऊन विजेच्या झटक्याने ठोका ताळ्यावर आणला. कप्पा थोडा आकसला तर झडपा आपोआप जवळ येतील, म्हणाले. नाही आल्या तर कडं आवळायचा दुसरा इलाज आहे, तो मग बघू.

इकडे मी आणि सुशांतने पावसाआधी तळी भरून पूर्वीएवढी केली, खांब सरळ केले आणि वर आडवी तुळई ठोकून आवळले. झडपांना मी हात लावला नाही. दाजी येऊन उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचा की झडपा चांगल्या होत्या, चौकट फाकली होती, जणू हा शोध त्याच्या पणजोबापासून घरात चालत आलेला. मी ऐकून घेत होतो. माझ्या तोंडचं खोटं चोरणारे पुष्कळ पाहिले. खरं चोरणारा हा पहिलाच.

श्रावणात पुन्हा तपासणी झाली. गळती कमी झाली होती. गेली नव्हती, कमी झाली होती. इथे मला थोडं वाढवून सांगायचा मोह होतोय, पण ही गोष्ट मी बांधावर गाऱ्हाण्यात घातलेली आहे; तिच्यात खोटं चालत नाही.

त्या दिवशी कुडाळहून परत येताना रस्त्यावर पाणी होतं म्हणून गाडी बांधाच्या टोकाशी थांबली. तिथून सुगंधा घरापर्यंत चालत आली. दाजी मागे, मी त्याच्या मागे. ती कुठेच थांबली नाही. दाजी मात्र दोनदा थांबला.

पडवीत राधाबाय होती, पुढ्यात सुपारी. सुगंधाने पिशवी खाली ठेवली, पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळली.

"त्या दिवशी मी तुमची क्षमा मागितलंय ना. ती माका परत देवा."

दाजी गोंधळला. राधाबाय पटकन म्हणाली, "क्षमा काय उसनी दिलेली भाताची पायली, परत मागूक?"

"त्या 'भोकाच्या काळजा'साठी तुमच्याकडेय येतंय, वन्सं. पयली ह्यांच्याकडची घेतंय."

दाजीने माझ्याकडे बघितलं. मी माडाकडे बघितलं. त्याने झोपाळ्याची कडी धरली, सोडली, आणि शेवटी बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सुगंधाने मान डोलावली. मग पाट ओढून घेतला आणि राधाबायच्या समोर बसली. राधाबायने अडकित्ता उचलला आणि मान खाली घालून सुपारी कातरायला लागली. एक झाली, दुसरी घेतली. सुगंधा बसून राहिली. तिला घाई नव्हती. आता तिला दम लागत नव्हता.